युद्ध थांबलेल्या गावात बायकांशी बोलायला जाताना

युद्ध थांबलेल्या प्रदेशात बायकांच्या आयुष्यावर अभ्यास करायला, बातमीदारी करायला किंवा मदतकार्यात काम करायला निघालेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. माझं काम याद्यांचं. मदत कोणाला मिळणार, कोणाचं नाव कुठल्या रकान्यात जाणार, कुठला कागद मागायचा आणि कुठल्या कागदासाठी अडून बसायचं नाही, हे ठरवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे मी सगळं कागदांच्या अंगाने सांगणार आहे. पण हे नुसतं माझ्या कामाचं वेड नाही. गोळीबार थांबल्यावर बाईचं पुढचं आयुष्य कसं जाणार हे बऱ्याच अंशी तिच्या हातात कुठला कागद आहे आणि त्यावर तिला काय म्हटलं आहे, यावर ठरतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

नवीन माणूस गावात जातो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "युद्धात तुमच्यावर काय गुदरलं?" असं करू नका. त्या बाईने ती हकीकत आधी अनेकांना सांगितलेली असते, आणि दरवेळी सांगून तिचे शब्द ठरून गेलेले असतात. तुम्हाला तेच ठरलेले शब्द मिळतात आणि तिची रात्रीची झोप जाते. त्याऐवजी विचारा, "तुमच्याकडे कागद काय काय आहेत? दाखवाल का?" बहुतेक बाया लगेच उठतात. कागद जपणं हे त्यांनीच केलेलं काम असतं. घर सोडून पळताना भांडी राहिली, कोंबड्या राहिल्या, पण कागदांची पिशवी पोटाशी बांधून आणली, असं सांगताना त्यांचा आवाज बदलतो. तिथून पुढचं बोलणं तुम्हाला ओढून काढावं लागत नाही.

निघण्याआधी करार वाचा

त्या देशाचा शांतता करार मिळवा आणि वाटाघाटीला कोण बसलं होतं ते आधी बघा. बोस्नियाचं युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारासाठी तिथून आलेल्या शिष्टमंडळांत एकही बाई नव्हती. लायबेरियाचा करार २००३ मध्ये घानातल्या अक्रा इथे झाला, तेव्हाही वाटाघाटीच्या टेबलाशी बाया जवळजवळ नव्हत्याच. पण लेमा बोवी ही लायबेरियन कार्यकर्ती आणि तिच्या सोबतिणी पांढरे कपडे घालून सभागृहाच्या दाराशी ठाण मांडून बसल्या आणि करार झाल्याशिवाय कोणाला बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. कोलंबियाच्या वाटाघाटी हवानात चालल्या होत्या, तिथे २०१४ मध्ये स्त्रियांच्या प्रश्नांसाठी वेगळी उपसमिती नेमली गेली, आणि २०१६ च्या करारात जमिनीपासून राजकीय सहभागापर्यंत जागोजागी बायकांचा उल्लेख आला. बाया, शांतता आणि सुरक्षा या विषयावरचा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा १३२५ क्रमांकाचा ठराव ३१ ऑक्टोबर २००० चा. तोही वाचून ठेवा, सरकारी माणसांशी बोलताना त्याचा उपयोग होतो. गावातल्या बाईशी बोलताना होत नाही.

नवरा बेपत्ता असेल तर

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण नवीन माणसं सगळ्यात जास्त नुकसान इथेच करतात.

युद्धानंतर नवरा नसलेल्या बाईला सरसकट विधवा लिहून टाकलं जातं. पण नवरा मेला हे ठाऊक असणं, तो मेला असं सगळे म्हणत असणं, आणि त्याला शेवटचं कोणाबरोबर जाताना पाहिलं एवढंच माहीत असणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रीलंकेचं युद्ध मे २००९ मध्ये संपलं. २०१० च्या कायद्याने बेपत्ता माणसाच्या मृत्यूची नोंद करून दाखला घेण्याची सोय झाली. दाखला घेतला की बँकेतले पैसे, जमीन, भरपाई यांची वाट मोकळी. तरी असंख्य बायांनी आणि आयांनी तो घेतला नाही. ज्याला आपण आपल्या हाताने सैन्याच्या ताब्यात दिलं, तो कुठे आहे हा प्रश्न विचारायचा आपला हक्कच त्या कागदावर सही केल्याने जाईल, असं त्यांचं म्हणणं. २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन 'गैरहजेरीचा दाखला' मिळू लागला. माणूस मेला असं न म्हणता घरच्यांना व्यवहार करता यावेत यासाठी तो होता. आणि तरीही २० फेब्रुवारी २०१७ पासून किलिनोच्चीत बेपत्ता माणसांच्या घरच्या बाया रस्त्याकडेला धरणं धरून बसल्या, वर्षानुवर्षं बसल्या. त्यांना दाखला नको होता, उत्तर हवं होतं.

तिथल्या उत्तर भागात नोंदणीच्या टेबलाशी बसलेली एक बाई मला चांगली आठवते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून तिने एकेक कागद काढून माझ्यासमोर ओळीने मांडला. नवऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स. मूळ ओळखपत्र त्याच्या खिशातच गेलं होतं. गावच्या निलधारीचं, म्हणजे तिथल्या सरकारी गाव-अधिकाऱ्याचं पत्र, रेड क्रॉसकडे केलेल्या तक्रारीची पोच, मुलाच्या परीक्षेचा निकाल, आणि लॅमिनेट केलेला फोटो. हातात धरून धरून त्याच्या कडा मऊ पडल्या होत्या. अर्जात 'कुटुंबातील व्यक्ती' असा रकाना होता. मी मुलं मोजली, सासू मोजली, तिला मोजलं आणि चार लिहायला लागले. तिने टेबलावर बोट ठेवलं आणि दुभाष्या मुलीकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाली, "पाच."

चार लिहिलं तर ती उठून जाईल आणि पाच लिहिलं तर पडताळणीत तिचं नाव उडेल, अशी ती अवस्था. त्या दिवशी आम्ही रकाना दुभागला. 'आज घरात राहणारे' चार, 'कुटुंबाच्या म्हणण्याप्रमाणे' पाच. तेव्हापासून मी बनवलेल्या प्रत्येक अर्जात हे दोन रकाने असतात. तुम्हीही ठेवा. एवढ्याने कोणाचा नवरा परत येत नाही, पण सरकारने जे तिच्याकडून वदवून घ्यायचा प्रयत्न केला ते निदान आपण वदवून घेत नाही.

म्हणून 'विधवा' हा शब्द आपल्या तोंडून आधी काढायचा नाही. ती स्वतःला काय म्हणते ते ऐका आणि तेच लिहा. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ च्या संघर्षात बेपत्ता झालेल्यांच्या बायका लाल साडी नेसत राहिल्या, सिंदूर आणि पोते, म्हणजे तिथल्या सवाष्णीची मण्यांची माळ, लेत राहिल्या. सासरच्यांना आणि गावाला ते खुपायचं. नवरा नाही आणि ही नटते, असं बोललं जायचं. सिंदूर पुसावं तर आपणच त्याला मारून टाकला असं होतं, आणि लावावं तर रोजची बोलणी. अशा घरात तुम्ही अर्ज घेऊन जाता आणि 'वैवाहिक स्थिती' विचारता, तेव्हा तो रकाना तिच्या सासूसमोर भरायचा की एकटीने, याचा विचार आधी करून जा.

बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सामध्ये जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. मारणाऱ्यांनी नंतर मूळ खड्डे यंत्राने उकरून प्रेतं दुसरीकडे नेऊन पुरली, म्हणून एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडली. रक्ताचे नमुने देऊन, डीएनए जुळवून ओळख पटायला लागली तेव्हा आयांसमोर एक निर्णय आला. एवढीच हाडं मिळाली आहेत, आता पुरायचं की आणखी मिळेपर्यंत थांबायचं? पोतोचारीच्या दफनभूमीत दरवर्षी ११ जुलैला नव्याने ओळख पटलेल्यांना मूठमाती देतात. एखादी बाई "मुलाला पुरलं" म्हणाली तर तिथे विषय संपला असं धरू नका. नंतर आणखी हाडं सापडून कबर पुन्हा उघडावी लागलेली असू शकते.

मुलांच्या कागदांचंही विचारा. युद्धातल्या बलात्कारातून जन्मलेली बोस्नियातली मुलं मोठी झाली, आणि सरकारी अर्जावरचा 'वडिलांचं नाव' हा रकाना काढून तिथे 'आई किंवा वडील, एकाचं नाव' असं करा, अशी मागणी त्यांनी लावून धरली. तुमच्या अर्जात तो रकाना असेल तर गावात जाण्याआधीच काढून टाका.

जमीन कोणाच्या नावावर आहे

हा प्रश्न थेट विचारला की बहुतेक ठिकाणी "आमचीच आहे" असं उत्तर येतं. ते खरंही असतं आणि त्यात काही कळतही नाही. तुकडे करून विचारा. कागद आहे का? कागदावर नाव कोणाचं? नवऱ्याशी लग्न झालं त्याची नोंद कुठे झाली? बांध कुठला हे दाखवणारं, साक्ष देणारं कोणी जिवंत आहे का? दीर आहेत का, आणि ते कुठे राहतात? शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात लांबलचक उत्तर मिळतं.

रवांडात १९९४ च्या नरसंहारात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. मागे उरलेल्या बायका आणि मुली शेतात उभ्या होत्या, पण रूढीप्रमाणे जमीन मुलग्यांकडे जायची. १९९९ च्या कायद्याने मुलींना मुलग्यांच्या बरोबरीने वारसाहक्क दिला. पुढे २००९ पासून देशभर जमीन नोंदणी झाली, एक कोटीहून जास्त तुकडे नोंदले गेले आणि नवरा-बायको दोघांची नावं कागदावर आली. हे फार मोठं काम होतं, त्याला कमी लेखू नये. पण कायदा नोंदणी झालेलं लग्नच लग्न मानत होता. ज्या बाया वर्षानुवर्षं नांदल्या, मुलं वाढवली, पण सरकारी कचेरीत जाऊन सही केली नव्हती, त्यांचा हक्क उलट पातळ झाला. प्रायोगिक टप्प्यातच हे उघड झालं. म्हणून लग्नाच्या नोंदीचा प्रश्न मी जमिनीच्या प्रश्नांत घालते, कुटुंबाच्या नाही. सिएरा लिओनमध्ये २००७ साली वारसाहक्काचा कायदा केला तेव्हा त्याच्या जोडीनेच रूढीने झालेल्या लग्नांच्या नोंदणीचा कायदाही केला, तो यासाठीच. एकाशिवाय दुसऱ्याचा बाईला उपयोग नसतो.

उत्तर युगांडात बंडखोरांनी पळवून नेलेल्या मुली पोरं कडेवर घेऊन परत आल्या. २००० च्या माफी कायद्याखाली अनेकींना माफीचा कागद मिळाला. पण तिथे शेत बापाच्या कुळाकडून मिळतं आणि त्या पोरांचा बाप बंडखोर, अनेकदा त्याचं कूळच ठाऊक नाही. आजोळची माणसं मुलीला घरात घेतात, नातवाला बांध द्यायला तयार नसतात. अशा घरात "परत आल्यावर कसं वाटलं" विचारण्याआधी "मुलगा मोठा झाल्यावर कुठे घर बांधेल?" हे विचारा.

ग्वाटेमालातलं सेपूर सार्को प्रकरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला लावते. १९८२ मध्ये तिथले केक्ची आदिवासी पुरुष कसत असलेल्या जमिनीचा कायदेशीर कागद मिळवायच्या मागे होते. सैन्याने त्यांना पकडून नेलं, ते परत आले नाहीत. मागे राहिलेल्या बायकांना लष्करी तळावर पाळीपाळीने कपडे धुवायला, भाकऱ्या करायला बोलावलं जायचं, आणि तिथे त्यांच्यावर बलात्कार व्हायचे. २६ फेब्रुवारी २०१६ ला दोन लष्करी गुन्हेगारांना शिक्षा झाली. साक्षीला आलेल्या अकरा म्हाताऱ्या बायांनी कोर्टात रंगीत शालींनी चेहरे झाकून घेतले होते. निकालापाठोपाठ कोर्टाने भरपाईचे आदेशही दिले, त्यात आरोग्यकेंद्र होतं, शाळा होती, आणि ज्या जमिनीवरून हे सगळं झालं त्या जमिनीचा प्रश्न सोडवण्याचा आदेशही होता. वर्तमानपत्रांत बलात्कार आणि शिक्षेची वर्षं छापून आली. त्या बायांना मात्र जमिनीचंही बोलायचं होतं. तुमच्यासमोर बसलेली बाई कशाबद्दल बोलायला आली आहे ते तुमच्या आधीच्या समजुतीत बसेलच असं नाही.

आणि कागद हातात असूनही काय होतं ते बघायचं तर फाता ओरलोविच या बोस्नियन शेतकरी बाईची गोष्ट बघा. नवरा आणि वीसहून जास्त नातेवाईक १९९५ मध्ये मारले गेले. विस्थापित होऊन काही वर्षांनी ती कोन्येविच पोल्येमधल्या आपल्या घरी परतली तर अंगणात चर्च बांधलेलं. जमीन परत देण्याचे सरकारी आदेश १९९९ आणि २००१ मध्येच निघाले होते. ती कोर्टकचेऱ्या करत राहिली. १ ऑक्टोबर २०१९ ला स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि जून २०२१ मध्ये चर्च हटवलं गेलं. तेव्हा "कागद आहे" असं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न असा, की त्या कागदाप्रमाणे आज जमीन कोण वापरतं? जमत असेल तर तिच्यासोबत चालत जाऊन बांध बघून या. चालता चालता बाई जे सांगते ते टेबलाशी सांगत नाही.

लढणाऱ्यांच्या यादीत कोण आलं

युद्ध संपलं की हत्यारं जमा करून लढणाऱ्यांना पैसे, प्रशिक्षण, अवजारं देण्याची योजना निघते. त्या योजनेचे पात्रतेचे निकष मिळवा. सिएरा लिओनमध्ये बहुतेकदा बंदूक हजर करावी लागायची, वर ती खोलून पुन्हा जोडून दाखवावी लागायची. हजारो मुली बंडखोरांबरोबर वर्षानुवर्षं होत्या. त्यांनी ओझी वाहिली, रांधलं, टेहळणी केली, गोळ्याही झाडल्या. पण बंदूक तुकडीच्या म्होरक्याच्या हातात आणि नावांची यादीही त्याच्याच हातात. नोंद झालेल्या ७२ हजारांहून जास्त लढवय्यांत बाया साडेसहा टक्क्यांच्या आसपास निघाल्या. शेजारच्या लायबेरियात ते बघून निकष सैल केले. शंभर-दीडशे गोळ्या आणल्या तरी चालेल, आणि बायामुलांना हत्याराशिवायही यादीत यायची मुभा. तिथे एक लाख तीन हजारांच्या यादीत २२ हजारांवर बाया आल्या. सीमेच्या अलीकडे-पलीकडे बाया काही वेगळ्या नव्हत्या, फक्त निकष वेगळे होते.

नेपाळमध्ये संयुक्त राष्ट्रांनी पडताळलेल्या १९,६०२ माओवादी सैनिकांपैकी ३,८४६ बाया होत्या. त्यातल्या अनेकींची छावणीत लग्नं झाली, मुलं झाली. त्यांच्याशी बोलताना लक्षात ठेवा, की बंदूक घेऊन डोंगर चढलेल्या बाईला गावात परतल्यावर जातीबाहेरच्या लग्नाची सून म्हणून उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागलेलं असू शकतं. तिला युद्धाबद्दल विचाराल तर ती मान ताठ करून बोलेल. आता घरी कसं चाललंय हे विचारलं की गप्प होईल. घाई करू नका.

"तुम्ही लढलात का?" हा प्रश्न विचारू नका. भीतीने नाही म्हणणाऱ्या असतात, आणि स्वयंपाक करणं म्हणजे लढणं नव्हे असं मनापासून मानणाऱ्याही असतात. "तिथे सकाळी उठल्यावर काय करायचात?" असं विचारा.

आजचा दिवस आणि हप्त्याचा वार

बायका युद्धात पुरुषांची कामं करतात आणि युद्ध संपलं की ती त्यांच्याकडून काढून घेतली जातात, हे फार जुनं आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या कारखान्यांत शिरलेल्या बायांना बाहेर काढायला १९१९ चा कायदा होता, युद्धापूर्वीची कामाची पद्धत पूर्ववत करण्याचा. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये ढिगारे उपसणाऱ्या बाईला रेशनचं वरच्या वर्गाचं कार्ड मिळायचं आणि घरी असणारीला सगळ्यात खालचं, म्हणून बाया विटा साफ करायला गेल्या. आज त्यांचे पुतळे आहेत. पण पश्चिम जर्मनीत बायकोने नोकरी करायची तर ती संसाराच्या कर्तव्यांत बसली पाहिजे, असं कायद्यात १९७७ पर्यंत लिहिलेलं होतं. तेव्हा गावात गेल्यावर "युद्धात कोणती कामं केलीत" यासोबत "त्यातलं आता कोणतं करता, आणि जे करत नाही ते आता कोण करतं" हे विचारा.

कामाबद्दल विचारताना 'तुम्ही काय करता' असं विचारलं तर "काही नाही, घरीच असते" असं उत्तर ठरलेलं. कालच्या दिवसाबद्दल विचारा. किती वाजता उठलात, पाणी कुठून आणलंत, वाटेत कोण भेटलं, दुपारी कुठे होतात. पाण्याच्या वाटेवर सैन्याची चौकी असेल तर ती इथे कळते, मुलाखतीत कळत नाही.

आणि कर्जाचं विचारा. हे बहुतेक अभ्यासक विसरतात. युद्धानंतर पडझड झालेल्या भागात बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्या झपाट्याने येतात, आणि बायांना गटाने कर्ज देतात कारण बाया फेडतात. श्रीलंकेच्या उत्तर-पूर्वेत घराचा कर्ता पुरुष नसलेल्या हजारो बाया साप्ताहिक हप्त्यांत अडकल्या. एकीचं फेडायला दुसऱ्या कंपनीचं घ्यायचं, असं चालू झालं. वसुलीवाला दारात येऊन बसायचा. शेवटी २०१८ मध्ये सरकारला दुष्काळी जिल्ह्यांतल्या बायांची एक लाख श्रीलंकी रुपयांपर्यंतची अशी कर्जं माफ करावी लागली. तुम्ही भेटीची वेळ ठरवाल तेव्हा हप्त्याचा वार कुठला ते आधी विचारून घ्या. त्या दिवशी जाऊ नका. दारात अनोळखी माणूस दिसला की ती मागच्या दाराने निघून जाईल.

जे विचारायचं नाही

लैंगिक अत्याचाराबद्दल आपणहून विचारू नका. ती बोलली तर ऐका. त्यासाठी तुमच्याकडे आधीपासून तीन गोष्टी तयार हव्यात. जवळच्या कुठल्या दवाखान्यात बाई डॉक्टर आहे, मोफत सल्ला देणारं कोण आहे, आणि तुमची दुभाषी कोणाची कोण लागते. तिसरी गोष्ट माणसं तपासत नाहीत. दुभाषी त्याच गावची, त्याच सासरची निघाली तर बाई एक वाक्य बोलणार नाही. किंवा बोलेल आणि संध्याकाळपर्यंत ते गावात फिरेल. दुसऱ्या तालुक्यातली, बाईमाणूस, आणि ज्या बाजूच्या सैन्याने अत्याचार केला त्या भाषेत न बोलणारी दुभाषी शोधा. ती मिळाली नाही तर तो दिवस पाणी-जमीन-कर्जावर बोलून परत या.

न विचारताही गोष्ट बाहेर येते, पण ऐकणारं माणूस हवं. रवांडातल्या ताबा गावचा नगराध्यक्ष जाँ-पॉल अकायेसू याच्यावरच्या मूळ आरोपपत्रात बलात्काराचा आरोपच नव्हता. खटला चालू असताना साक्षीदार बायांच्या बोलण्यात तो विषय आला. न्यायाधीशांत नवी पिल्लै नावाची एक बाई होती. पुढचे प्रश्न विचारले गेले, आणि जून १९९७ मध्ये आरोपपत्र बदललं. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हेही नरसंहाराचं कृत्य ठरू शकतं, असं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पहिल्यांदा म्हटलं.

तिने सांगितलं तर तिच्या देशात त्यासाठी कुठला कागद निघतो याची माहिती तुमच्याजवळ असू द्या. बोस्नियाच्या दोन भागांपैकी फेडरेशन या भागात २००६ पासून अशा बायांना युद्धपीडित नागरिक म्हणून मासिक भत्त्याचा हक्क आहे. कोसोव्होत २०१८ पासून अर्ज घेतले जाऊ लागले आणि भत्ता महिना २३० युरो ठरला. युद्ध संपून तोवर एकोणीस वर्षं उलटली होती. अनेकींनी अर्ज केला नाही, कारण पैसे कशाचे आले हे घरी सांगावं लागलं असतं. नेपाळच्या अंतरिम मदतीत मृतांची आणि बेपत्तांची कुटुंबं आली, बलात्कार आणि छळ सोसलेल्या वगळल्या गेल्या. इराकच्या १ मार्च २०२१ च्या कायद्याने यझिदी या अल्पसंख्य समाजातल्या बायांना भरपाई आणि जमिनीचा तुकडा देऊ केला. तिला अर्ज करायचा की नाही ते ती ठरवेल. तुम्ही आग्रह करू नका, आणि "मिळेल" असं म्हणू नका. मिळणं तुमच्या हातात नाही.

जागा मोजताना

संसदेत किती बाया हे विचारणं सोपं आहे, म्हणून सगळे तेच विचारतात. रवांडात २००३ च्या राज्यघटनेने ३० टक्के जागा राखल्या आणि २००८ च्या निवडणुकीत खालच्या सभागृहात बाया ५६ टक्के झाल्या. जगात असं पहिल्यांदाच झालं. हा आकडा द्याच. पण त्याच देशात बांधाचं भांडण गावपातळीवरच्या 'अबुंझी' या मध्यस्थ समितीपुढे जातं, आणि दिराने जमीन बळकावलेल्या बाईचं भवितव्य तिथे ठरतं. त्या बैठकीला जाऊन बसा. बाया किती आहेत हे मोजून झालं की त्या किती वेळ बोलल्या आणि निर्णय कोणी वाचून दाखवला ते टिपा.

परत निघताना

वहीत नावं लिहू नका, खुणेचे आकडे लिहा. नावं आणि आकडे जुळवणारा कागद वेगळ्या पिशवीत ठेवा. चौकीवर वही बघायला मागतात. फोटो काढलात तर मागे घराची खूण, देऊळ, शाळेची पाटी दिसत नाही ना ते बघा. तिच्या कागदांचे फोटो काढायची परवानगी दिली असेल तर तेच फोटो छापून दोन प्रती करा आणि पुढच्या भेटीत तिला द्या. एक तिच्या डब्यात ठेवायला आणि एक तिच्या विश्वासातल्या दुसऱ्या घरी, कारण मूळ कागद एका पावसात किंवा एका भांडणात जातात. प्रतींच्या मागे तारीख टाका आणि कुठल्या कचेरीत कुठल्या टेबलाशी जायचं ते तिला वाचता येणाऱ्या लिपीत लिहा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारं तिचं कुठलं मूल वाचतं ते विचारून घ्या, आणि त्या मुलाला जमेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहा.